लग्न लावून दिलं म्हणजे समेट झाला असं नाही हो

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

तुमच्या जिल्हा पानावर अधूनमधून एक बातमी असतेच, "तंटामुक्त समितीच्या पुढाकाराने प्रेमीयुगुल विवाहबद्ध", आणि सोबत फोटो, मधे हार घातलेले दोघं, बाजूला सरपंच, पोलीस पाटील, समितीचे अध्यक्ष. मी अंगणवाडी सेविका आहे, आमच्या गावच्या समितीत नऊ वर्षांपासून महिला सदस्य आहे, आणि अशा चार फोटोंत मी पण उभी आहे डोक्यावर पदर घेऊन. त्या चारही फोटोंत मुलीची आई नाही. एकदा फक्त मुलीचा मामा आलेला, तो पण फोटोच्या वेळी बाजूला झाला. म्हणून हे पत्र लिहितेय.

१५ ऑगस्ट २००७ ला तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील आबांनी, गावातले तंटे गावच्याच समितीने समजुतीने मिटवावेत म्हणून, महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली तेव्हा डोक्यात होते ते बांधाचे, धुऱ्याचे, भावाभावांचे, दारूचे तंटे. पण आमच्याकडे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात समितीकडे पळून गेलेली पोरं-पोरी पण यायला लागली, कारण दुसरीकडे जायचं कुठे, पोलिसात गेलं की मुलीच्या बापाने मिसिंगची तक्रार दिलेलीच असते आणि घरी गेलं की मार. समितीने आधार दिला, अनेकांचे जीव वाचवले असं मी म्हणेन, ते काम मोठंच आहे. आता मोहीम थंडावली, तंटामुक्त गावाला मिळायचं त्या बक्षिसाचं कोणी विचारत नाही, तरी अध्यक्षपदासाठी गावात चढाओढ आहेच आणि लग्नं पण लागतातच.

तर तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलगी वीस वर्षांची, मुलगा तेवीसचा, जात वेगळी. ऐन रोवणीच्या दिवसात दोघं नागपूरला निघून गेले, मुलगा बुटीबोरीला कंपनीत लागला. आठ दिवसांनी पोलिसांनी बोलावून जबाब घेतला, मुलीने सांगितलं मी माझ्या मर्जीने गेले, दोघं सज्ञान, विषय संपला. गावात आल्यावर समितीने हनुमान मंदिरात लग्न लावलं, दीड तासात सगळं उरकलं, पेढे वाटले, अध्यक्ष म्हणाले तंटा मिटला.

मिटला कुठे? दोन घरांच्या मधे एक गल्ली आणि एक बोअरिंग. मुलीची आई आधी सकाळी पाण्याला यायची ती दुपारी उन्हात यायला लागली, मुलगी दिसू नये म्हणून. बाप तर बोललाच नाही, "माह्यासाठी ते मेली" एवढं एकदा म्हणाला आणि गप्प. चौदा महिने असेच गेले. मग मुलीला दिवस गेले आणि तिचं नाव माझ्या रजिस्टरला आलं. एक दिवस तिची आई अंगणवाडीत आली, घरातल्या नातवाच्या पोषण आहाराचं पाकीट न्यायला आले म्हणाली, पण पाकीट घेऊन उभीच राहिली आणि हळूच विचारलं, "बाई, किती भरलं वजन?" नातवाचं सांगायला लागले तर मान हलवली. तेव्हा कळलं ही कोणाचं विचारतेय. मी म्हटलं एकेचाळीस किलो. काही न बोलता गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीत स्टीलचा डबा, आत जवसाची चटणी आणि डिंकाचे लाडू, म्हणे तुमच्यासाठी आणलं बाई. मला लाडू कोणी कशाला देईल. मी तो डबा तसाच गल्लीपलीकडे नेऊन दिला आणि धुऊन परत आणला, असं पाच महिने चाललं.

बापाकडे मी आणि गावातले एक रिटायर्ड गुरुजी, आम्ही पाच वेळा गेलो, घरी नाही, शेतात, धुऱ्यावर, कारण घरी चार लोक ऐकतात. पाचव्या वेळी तो बोलला. त्याचा राग मुलीवर नव्हताच हो. त्याला धास्ती होती की धाकटीचं लग्न कसं होईल, जातीतल्या दोघातिघांनी सांगून ठेवलं होतं की मोठीला उंबऱ्यात घेतलं तर आम्ही तुझ्या दारात येणार नाही. गुरुजींनी त्याला सांगितलं की असं वाळीत टाकणं महाराष्ट्रात गुन्हा आहे, २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि मग त्या दोघातिघांच्या घरी पण जाऊन चहा घेत हेच सांगितलं, भांडण न करता. ग्रामीण रुग्णालयात बाळंतपण झालं तेव्हा बाप नव्या तांदळाची चुंगडी घेऊन बाहेर झाडाखाली बसला होता. आत आला नाही. जावयाशी आज पण बोलत नाही. पण मुलगी सव्वा महिना माहेरी राहिली. समेट म्हणतात तो हा साहेब, आणि याला दीड तास नाही, दोन वर्षं लागली.

दुसरी एक गोष्ट लिहिताना अजून अंगावर काटा येतो. एकोणीस वर्षांची मुलगी एका मुलासोबत सापडली, समिती बसली, हार आणून ठेवलेले, दोन्हीकडचे म्हणत होते आता लग्न लावूनच टाका, अब्रूचा प्रश्न आहे. मी म्हटलं पाच मिनिटं मला हिच्याशी एकटीशी बोलू द्या. आत नेलं, पाणी दिलं, तर रडायला लागली आणि म्हणाली मला लग्न नाही करायचं, घरी भाऊ मारत होता म्हणून याच्यासोबत निघाले. विचारलं नसतं तर त्या दिवशी आम्ही पंधरा शहाण्या माणसांनी टाळ्या वाजवून तिचं आयुष्य बांधून टाकलं असतं. ती आता नर्सिंगला आहे.

आणि वयाचं. आधार कार्डावर विसंबून राहू नका, शाळेची टीसी बघा. आमच्याकडे एक मुलगी सतरा वर्षं चार महिन्यांची निघाली, काही लोक म्हणाले आठ महिन्यांनी काय फरक पडतो. खूप फरक पडतो, ते लग्न बालविवाह होतो, मुलावर पॉक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा, लागतो आणि लग्न लावणारे पण आरोपी होतात. तिला बालकल्याण समितीकडे न्यावं लागलं, गाव माझ्यावर चिडलं. चिडू दे.

सुप्रीम कोर्टाने २७ मार्च २०१८ ला सांगितलेलं आहे की दोन सज्ञान माणसांच्या लग्नात कुठल्या पंचायतीने आडवं यायचं नाही, आणि अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवारा असावा. मग समितीचं काम उरतं ते परवानगी देण्याचं नाही, दोन घरांमधे ये-जा करण्याचं. काही गावांत ग्रामसभा ठराव घेतात की आईवडिलांच्या संमतीशिवाय लग्नाची नोंद करू नये, मला ते साफ चुकीचं वाटतं, संमती ठरावाने येत नाही. आणि डिसेंबर २०२२ मधे राज्य सरकारने आंतरधर्मीय लग्नांसाठी कुटुंब समन्वय समिती काढली, मुलीला माहेराशी जोडायचं म्हणून, पण मुंबईत बसून माहिती गोळा करणाऱ्याला कोणती आई वजन विचारेल? ते शेजारच्या बाईलाच विचारते.

एक कडू गोष्ट पण लिहिते. मुलगा-मुलगी एकाच जातीचे असले की आमची समिती दोन दिवसांत बसते. मुलगा बौद्ध आणि मुलगी दुसरी असली की अध्यक्षांना कामं निघतात, कोणी बाहेरगावी जातं, कोणी म्हणतं पोलिसांनी बघावं. नऊ वर्षांत मी हे तीनदा पाहिलं आणि तिन्ही वेळा ती जोडपी गाव सोडून गेली, एकाचा तर पत्ता पण नाही. ज्यांना समितीची सगळ्यात जास्त गरज होती त्यांच्याच वेळी आम्ही घरात बसलो, मी पण.

माझं म्हणणं एवढंच की मुलीला आधी एकटीला, बाईमाणसाने विचारावं. टीसी बघावी. लग्न लागलं की नोंद त्याच आठवड्यात ग्रामसेवकाकडे करून घ्यावी, नाहीतर पुढे रेशन कार्डात नाव घालताना मुलगीच हेलपाटे मारते. आणि समितीतल्या दोघांनी, त्यातली एक बाई, वर्षभर दोन्ही घरी जात राहावं, चहाला का होईना.

तुमच्या वार्ताहर भाऊंना पण एक विनंती. पुढच्या वेळी असा फोटो आला तर छापा, पण वर्षाने त्याच गावात परत जा आणि मुलीच्या माहेरी, मागच्या दाराने जमलं तर मागच्या दाराने, तिच्या आईला भेटून या.

आपली,
एक अंगणवाडी सेविका
ता. लाखनी, जि. भंडारा
(मुलींची ओळख पटू नये म्हणून नाव आणि गाव छापू नये ही विनंती)