लोकप्रियतेचे आकडे आणि महिला उमेदवार

महोदय,

जनमत चाचणीच्या आकड्यावरून महिला उमेदवार लोकांना माणूस म्हणून किती आवडते, हे ठरवणे मला अन्यायाचे वाटते. हिलरी क्लिंटन परराष्ट्रमंत्री असताना गॅलप या अमेरिकी जनमत संस्थेच्या चाचण्यांत ६० टक्क्यांहून अधिक अमेरिकनांचे त्यांच्याविषयी अनुकूल मत होते. त्याच हिलरी अध्यक्षपदासाठी उभ्या राहिल्यावर २०१६ मध्ये हा आकडा ४०च्या आसपास आला. सरकारी कामासाठी खासगी ईमेल वापरल्याच्या प्रकरणाचा त्यात वाटा होताच, पण माणसाचा स्वभाव चार वर्षांत एवढा पालटत नाही. जानेवारी २००८ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातल्या उमेदवारांच्या जाहीर चर्चेत तर ‘मतदारांना ओबामा अधिक आवडतात’ असे त्यांना तोंडावर ऐकवले गेले आणि चाचण्यांत मागे असूनही तीनच दिवसांनी तिथली, पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठीची प्राथमिक निवडणूक त्यांनीच जिंकली. असे आकडे छापताना मतदारांना नेमका काय प्रश्न विचारला होता, तोही वृत्तपत्रांनी छापावा.

— एक वाचक, पुणे