लाल गाडीवाल्या बाईंना आणि बाकी सगळ्यांना

गेल्या हिवाळ्यात आईच्या डोळ्यात दर महिन्याला इंजेक्शन द्यावं लागायचं. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरच्या आमच्या भागात बस येत नाही आणि मला प्रत्येक वेळी रजा मिळेना. तेव्हा जवळच्या, मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या चर्चमधल्या तुम्ही मंडळींनी पाळ्या लावून तिला दवाखान्यात नेलंत. येताना तिला धड दिसायचं नाही. बर्फातून हात धरून तुम्ही तिला थेट दारापर्यंत आणायचात. पेट्रोलचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. तुमची नावं तिच्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून ती 'लाल गाडीवाली', 'लाडू आवडणारे आजोबा' असंच म्हणते.

एकदा तुमच्यापैकी कुणीतरी तिला न्याय्य व्यापाराच्या, म्हणजे कारागिरांना कष्टाचा योग्य मोबदला देणाऱ्या दुकानात नेलं. अशा व्यापाराची वाट दाखवणाऱ्यांपैकी एक, याच परगण्यातल्या एडना रूथ बायलर यांनी १९४६ मध्ये पोर्तो रिकोतल्या बायकांचं भरतकाम विकायला सुरुवात केली, तेही आपल्या गाडीच्या डिकीतून! आईचं उभं आयुष्य भरतकामात गेलं, पण कष्टाचा पुरता मोबदला कधी हाती पडला नाही. त्या दिवशी ती एका रुमालावरचे टाके कितीतरी वेळ बोटांनी चाचपत होती.

तुमचे उपकार आम्ही विसरणार नाही. रविवारी प्रार्थनेनंतर थोडं थांबा, आई पुरणपोळ्या घेऊन येतेय.