कोळ्याची बातमी तीन ओळींत उरकू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जंगलात कोळ्याची नवी जात सापडली अशी बातमी अधूनमधून वाचायला मिळते आणि दरवेळी ती एकाच साच्यातली असते, कुठे सापडला, नाव कोणाचं दिलं, झूम करून काढलेला एक फोटो, संपलं. त्यातही सगळी जागा नावालाच. २०२१ मध्ये ठाणे-कल्याणकडच्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला २६/११ ला कसाबला धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळेंचं नाव दिलं, आयशियस तुकारामी, फार छान केलं, आमच्या ग्रुपवर सगळ्यांनी फॉरवर्ड केलं. पण तो केवढा असतो, आधीच्या जातींपेक्षा त्यात वेगळं काय, हे त्यातल्या एकाला विचारा. कोणी वाचलेलंच नाही, कारण कोणी छापलेलंच नाही, निदान मला तरी दिसलं नाही.

मी कॉलेजच्या झूलॉजी लॅबमध्ये नोकरी करून रिटायर झालोय. तज्ज्ञ वगैरे अजिबात नाही, बाटल्या भरणं, लेबलं लावणं आणि मायक्रोस्कोप पुसणं यात आयुष्य गेलं, पण एवढं नक्की सांगतो की सापडणं हा त्यातला सोपा भाग. कोळी तिथे होताच, गुरं राखणाऱ्या पोराने तो शंभरदा पाहिलेला असतो. खरी मेहनत त्याचं वर्णन लिहिण्यात आहे.

म्हणजे बघा, लोकांना वाटतं रंग वेगळा, ठिपके वेगळे की झाली नवी जात. तसं नसतं हो. एकाच जातीचा कोळी लहानपणी एका रंगाचा, कात टाकून मोठा झाला की दुसऱ्या रंगाचा, नर-मादीत तर इतका फरक की घाटातल्या जायंट वुड स्पायडरची मादी तळहाताएवढी पसरते आणि तिचा नर त्याच जाळ्यात कोपऱ्यात किडामुंगीसारखा बसलेला असतो. पूर्वी असंही व्हायचं की नराला एक नाव, मादीला दुसरं नाव आणि पुढे कळायचं की अरे ही तर एकच जात. म्हणून आधी डोळ्यांची मांडणी बघून घराणं ठरवतात आणि मग मुख्य पुरावा म्हणजे जननेंद्रियं. नराच्या तोंडाजवळ ज्या दोन छोट्या सोंडा असतात त्यांची टोकं, आणि मादीच्या पोटाखालचा भाग, हे दोन्ही कुलूप-किल्लीसारखे, प्रत्येक जातीचे वेगळे. ते मायक्रोस्कोपखाली उघडून, साफ करून, एकेक वळण कागदावर काढायचं. आणि ही इंद्रियं शेवटची कात टाकल्याशिवाय पूर्ण तयारच होत नाहीत, त्यामुळे मोबाईलवर लहान पिल्लाचा फोटो काढून "सर ही कोणती जात" विचारणाऱ्यांना बऱ्याचदा तज्ज्ञ उत्तर देत नाहीत ते शिष्टपणा म्हणून नव्हे.

बरं एवढं करून भागत नाही. पोकॉक नावाच्या इंग्रजाने १९०० साली आपल्याकडच्या कोळी-विंचवांवर जाडजूड ग्रंथ लिहिला, तेव्हाचे कितीतरी नमुने लंडन-पॅरिसच्या म्युझियममध्ये स्पिरिटच्या बाटलीत पडलेत, आपला कोळी त्यातलाच एक नाही ना हे ताडून बघावं लागतं. मग ज्या एका कोळ्यावरून वर्णन लिहिलं तो कायमचा संस्थेत जमा. हो, तो मेलेला असतो, मारलेला असतो, त्यावर बरेच लोक नाक मुरडतात, पण उद्या कोणाला शंका आली तर तपासायला मूळ नमुना नको का? एकट्यादुकट्या नमुन्याने जात संपत नाही, जंगल तोडल्याने संपते. कुंभमेळ्यासाठी तपोवनातली झाडं तोडण्यावरून आपल्या नाशकात एवढा गदारोळ झाला, झाडं मोजली गेली ते बरंच झालं, पण त्या सालींखाली कोण राहतं हे कोणी मोजलं नाही.

कर्नाटकात पश्चिम घाटात २०१६ मध्ये एक जात नोंदवली, इरिओविक्सिया ग्रिफिंडोरी. दिवसभर वाळलेलं पान बनून बसते, पोट असं निमुळतं आणि वाकलेलं की हॅरी पॉटरमधल्या त्या बोलक्या टोपीवरून नाव पडलं. पेपरवाल्यांनी टोपीच टोपी केली. पण तो कोळी जेमतेम सात मिलीमीटरचा आहे आणि पहिलं वर्णन फक्त मादीवरून आहे, म्हणजे अर्धी गोष्ट बाकीच होती, ही खरी मजा.

जगात कोळ्यांच्या नोंदलेल्या जातींनी ५०,००० चा आकडा २०२२ मध्ये ओलांडला आणि भर पडतेच आहे. आपल्याकडे अंजनेरी डोंगराच्या नावाने कंदीलपुष्पाची एक जात आहे, त्यासाठी लोक लांबून येतात, त्याच वाटेवर पावसाळा सरताना जाळ्यात पांढरी नागमोडी फुली काढून बसलेला सिग्नेचर स्पायडर असतो, त्याच्याकडे बघत कोणी नाही. ब्रह्मगिरी, हरसूल, पेठ, सुरगाणा इकडे कोणी चिकाटीने शोधलं तर काय काय निघेल.

दुसरं म्हणजे तो "विषारी" शब्द. अहो विष जवळजवळ सगळ्याच कोळ्यांना असतं, ते माशी आणि तुडतुड्यांसाठी, आपल्यासाठी नाही. कोळी मुतला म्हणून अंगावर फोड आले असं घरोघरी म्हणतात, ते बहुतेकदा नागीण तरी असते नाहीतर पावसाळ्यात दिव्याला येणारा एक लालकाळा भुंगेरा अंगावर चिरडलेला असतो, आणि चप्पल मात्र कोळ्यावर पडते. जगभरातले कोळी मिळून वर्षाला ४० ते ८० कोटी टन किडे वगैरे खातात असा अंदाज २०१७ मध्ये दोन शास्त्रज्ञांनी मांडला होता. द्राक्षबागायतदारांनी तरी हा आकडा वाचावा, फुकटचा फवारणीवाला आहे तो.

एका बाबतीत मात्र कमी छापा. झाडाच्या ढोलीत राहणारे मोठे केसाळ कोळी, ज्यांना टॅरँट्युला म्हणतात, ते पाळायला म्हणून परदेशात विकले जातात, त्यातल्याच आपल्याकडच्या पोइसिलोथेरिया गटाच्या व्यापारावर म्हणूनच २०१९ पासून आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. अशा कोळ्याचं गाव, डोंगर, कुठलं झाड हे पेपरात आलं की पकडणाऱ्यांना पत्ताच दिल्यासारखं होतं. तालुका लिहिलात तरी पुरे.

बाकी पुढच्या बातमीत एवढं द्या, लांबी किती मिलीमीटर, वर्णन नराचं की मादीचं की दोघांचं, जवळच्या जातीपेक्षा वेगळं काय आणि नमुना कुठल्या संस्थेत ठेवलाय. आणि फोटोशेजारी मापाची रेघ टाका, नाहीतर सात मिलीमीटरचा जीव पेपरात उंदराएवढा दिसतो आणि आमच्या सोसायटीतल्या बायका जिन्यातली जाळी काढायला माणूस बोलावतात.

आपला,
एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक