पहिलीच शिफारस बाजूला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑस्ट्रेलियातील आदिवासी आणि टोरेस सामुद्रधुनीतील बेटवासी समाजाविषयी मराठी वृत्तपत्रांत अधूनमधून जे छापून येते, त्याचा सूर ठरलेला असतो : सरकार एवढा पैसा ओतते, तरी दारिद्र्य, दारू आणि तुरुंग काही सुटत नाहीत. इथे ॲडलेडला आम्हा मराठी मंडळींच्या गप्पांतही तेच. तो पैसा कुणाला विचारून खर्च होतो, हा प्रश्न मात्र कुणी काढत नाही.

२००७ चेच बघा. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील नॉर्दर्न टेरिटरी या प्रदेशातील आदिवासी बालकांच्या लैंगिक शोषणावर रेक्स वाइल्ड आणि पॅट अँडरसन यांनी अहवाल दिला. आदिवासींसाठीच्या योजना त्यांच्याशी खरीखुरी सल्लामसलत करूनच आखा, असे त्यातल्या पहिल्याच शिफारशीत होते. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांच्या सरकारने अहवाल पुढे केला आणि ही शिफारस गुंडाळून ठेवली. लष्कर पाठवले, वंशभेदविरोधी कायदा या उपायांपुरता स्थगित केला. ७३ वस्त्यांमध्ये सरकारी भत्त्याची निम्मी रक्कम अडकवली. ती ठरावीक दुकानांतच खर्च करता येई. वस्त्यांच्या वेशीवर मोठाले निळे फलक लागले : आत दारूला आणि अश्लील साहित्याला बंदी. ज्या आजीने जन्मात दारूला हात लावला नाही, तिच्या दारी येणाऱ्या पाहुण्यालाही आधी तो फलक वाचावा लागे.

त्याच वर्षी पश्चिम ऑस्ट्रेलियातील फिट्झरॉय क्रॉसिंगमध्येही दारूवर निर्बंध आले. पण ते मागितले गावातल्या आदिवासी बायकांनीच. जून ऑस्कर, एमिली कार्टर अशा बायका पुढे झाल्या आणि कडक दारू दुकानातून घरी न्यायला बंदी घाला, म्हणून अडून बसल्या. गावातून विरोधही झाला, काही लहान नव्हे. तरी नंतरच्या पाहणीत मारहाणीची आणि रुग्णालयात येणाऱ्या जखमींची संख्या घटल्याचे दिसले. दारूवर बंधने इथेही आणि तिथेही. फरक ती कुणी मागितली एवढाच.

किंटोरची गोष्ट मला याहून मोठी वाटते. वाळवंटातल्या या वस्तीत मूत्रपिंड निकामी झाले की डायलिसिससाठी पाचेकशे किलोमीटरवरच्या ॲलिस स्प्रिंग्जला जाऊन राहावे लागे. घरदार, नातवंडे, आपली भूमी सगळे मागे. तिथल्या चित्रकारांनी मिळून मोठाली चित्रे रंगवली, २००० मध्ये सिडनीत त्यांचा लिलाव झाला आणि दहा लाख डॉलरहून जास्त रक्कम जमली. २००४ मध्ये गावातच डायलिसिस सुरू झाले. त्यासाठी उभी राहिलेली संस्था आज 'पर्पल हाऊस' म्हणून ओळखली जाते. दुर्गम भागातल्या अशा डायलिसिसचा खर्च मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्यातून मिळायला २०१८ उजाडले.

१४ ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात साठ टक्के मतदारांनी संसदेला सल्ला देणाऱ्या आदिवासी मंडळाला नकार दिला. विरोधकांत काही आदिवासी नेतेही होते, हे मान्य. पण 'लोकांनी नाही म्हटले, विषय संपला' हे खरे नाही. निर्णयात आदिवासी संघटनांना बरोबरीचा वाटा देऊ, असे केंद्र आणि सर्व राज्यांनी २०२० च्या करारात लिहून दिले आहे. तो करार सार्वमतात नव्हताच. सरकारच्याच उत्पादकता आयोगाने २०२४ च्या आढाव्यात सुनावले की, सरकारांनी हा शब्द बहुतांशी पाळलेला नाही, कारभाराची जुनी रीत तशीच आहे.

आमच्या साउथ ऑस्ट्रेलिया राज्याने स्वतःचा कायदा करून आदिवासी सल्लागार मंडळ स्थापले. मार्च २०२४ मध्ये पहिली निवडणूक झाली आणि मतदान फारच कमी झाले. 'बघा, त्यांनाच नको आहे,' असे टोमणे लगेच सुरू झाले. आधीचा अनुभव बघता, मत द्यायला रांगा कशासाठी लागल्या असत्या?

– एक वाचक, ॲडलेड