त्या खोडलेल्या बाणासाठी

आदरणीय डॉक्टर,

दादा आत्महत्येने गेल्यापासून आम्हाला उत्तरं देणारी माणसं खूप भेटली. कुणी म्हणालं, मनाने कच्चा होता. कुणी म्हणालं, आईबापाचा तरी विचार करायचा. आणि आईला येईल त्याने एकच विचारलं, एका घरात राहून तुम्हाला कळलं कसं नाही? दादा स्वतःच्या पायांनी ज्या डॉक्टरांकडे गेला होता, त्यांनी त्याला ‘मेंदूतलं केमिकल कमी झालंय, गोळ्या घ्या’ एवढं सांगून वाटेला लावलं. जगावंसं वाटतं का, हे विचारलंच नाही. तो गेल्यावर मी त्यांना भेटले, तर त्यांनी त्याचे कागदसुद्धा काढून पाहिले नाहीत. हा राग अजून गेलेला नाही. तो बाजूला ठेवून आभार मानले तर ते अर्धवट होतील, म्हणून आधी तोच लिहिला.

तुमच्याकडे मी ते ‘केमिकल’च घेऊन आले होते. तुम्ही टेबलामागून उठून माझ्या शेजारी येऊन बसलात, एक पाठकोरा कागद ओढलात आणि पेनाने दोन पेशी काढल्यात, मध्ये बारीकशी फट. पहिली गोष्ट सांगितलीत ती ही, की दादाचं सेरोटोनिन, म्हणजे तेच ‘केमिकल’, कुणी मोजलेलंच नव्हतं. दवाखान्यात ते मोजता येत नाही. रक्तात सापडतं ते बहुतेक आतड्यातून आलेलं असतं, त्यावरून मेंदूतलं कळत नाही.

मग पलीकडच्या पेशीवर तुम्ही ठिपके काढलेत, सेरोटोनिनचे रिसेप्टर, म्हणजे ते झेलणाऱ्या जागा. त्यांच्या बऱ्याच जाती असतात. १९७६ साली स्टॉकहोममध्ये मारी ओस्बेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नैराश्याच्या काही रुग्णांच्या पाठीच्या कण्यातल्या द्रवात, सेरोटोनिन वापरलं गेल्यावर उरणारा अंश कमी सापडला. आत्महत्येचे प्रयत्न त्या रुग्णांत जास्त झाले होते. १९८३ साली मायकल स्टॅन्ली आणि जॉन मॅन यांनी आत्महत्येने गेलेल्यांचा मेंदू तपासला. कपाळामागच्या भागात ‘टू’ जातीचे रिसेप्टर इतरांपेक्षा जास्त होते. २००२ साली घनश्याम पांडे यांच्या गटाला आत्महत्येने गेलेल्या किशोरवयीन मुलांमध्येही त्याच जातीतले ‘टू-ए’ रिसेप्टर वाढलेले दिसले. आवाज क्षीण झाला की माणूस कान टवकारतो, तसं पेशी करत असावी, असा एक अंदाज तुम्ही सांगितलात. मला ते एकदम पटलं. इतके दिवस काहीतरी पटण्याची भूक होती.

बोलता बोलता तुम्ही त्या ठिपक्यांपासून एक बाण काढलात आणि त्याच्या टोकाशी ‘आत्महत्या’ लिहिलंत. तिथे थांबलात. कागदाकडे बघत राहिलात आणि तो बाण आडव्या रेघा मारून खोडलात. म्हणालात, “हा बाण मला काढता येणार नाही. फरक दिसतो, इतकंच आम्ही सांगू शकतो. फरकामुळे झालं, असं नाही.”

डॉक्टर, सगळ्यात जास्त आभार मला त्या खोडण्याचे मानायचे आहेत. तो बाण तसाच राहू दिला असतात तर मी समाधानाने घरी गेले असते, आणि तुम्हाला कुणी विचारायलाही आलं नसतं. समोरच्याचं दुःख दिसत असताना त्याला सोपं उत्तर न देणं, आणि तरीही त्याचा हात न सोडणं, ही माणुसकी फार थोड्यांकडे असते. बाकीच्यांनी आम्हाला बाणच दिले होते, आणि सगळे आमच्याच दिशेने.

मग बाण का नाही, तेही समजावलंत. काही अभ्यासांत टू-ए वाढलेले दिसत नाहीत. ‘वन-ए’ या दुसऱ्या जातीच्या रिसेप्टरचे पेट (PET) स्कॅन, म्हणजे जिवंत माणसाच्या मेंदूचे स्कॅन, तर एकमेकांच्या उलट निघाले, नैराश्यात कुणाला कमी, कुणाला जास्त. गेलेल्या माणसाच्या मेंदूवरून आधी काय बदललं आणि नंतर काय, हे कळत नाही. २०२२ साली जोआना मॉन्क्रिफ आणि सहकाऱ्यांनी जुन्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेऊन लिहिलं की सेरोटोनिन कमी झाल्याने नैराश्य येतं याला ठाम पुरावा नाही. त्यावर बराच वाद झाला. ‘पण म्हणून गोळ्या निकामी असं समजू नका, आणि चालू गोळी मनाने बंद करू नका,’ हे तुम्ही बजावून सांगितलंत.

एक गोष्ट मी आईला शब्दशः सांगितली. या अभ्यासांतल्या मेंदूच्या कित्येक नमुन्यांमागे एक घर असतं. त्या घरातली माणसं शोकातही संशोधकांसमोर बसून प्रश्नांची उत्तरं देतात, शेवटचे महिने कसे गेले, झोप कशी होती, काय बोलायचा. आणि ती घरंही म्हणतात, आम्हाला कळलं नाही. स्कॅनचं यंत्र हाताशी असूनही कोण जीव देईल हे आज कुठल्याही डॉक्टरला आधी ओळखता येत नाही, मग आईला ताटावर वाढताना कुठून कळणार? आई त्यावर बराच वेळ रडली. त्यानंतर त्या प्रश्नाला उत्तर देणं तिने सोडून दिलं. कुणी विचारलं तर उठून आत जाते.

बाबांना आता नैराश्याचं औषध सुरू झालंय. सेरोटोनिन वाढलं की ते सोडणाऱ्या पेशीवरचेच वन-ए रिसेप्टर आधी ब्रेक लावतात, तो सैल व्हायला काही आठवडे लागतात, आणि औषधाला उशीर लागण्याचं हे एक कारण मानतात, हे तुमच्याकडूनच कळलं. सुरुवातीच्या या आठवड्यांत माणसावर लक्ष ठेवायचं असतं, हे दादाच्या वेळी आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही सांगितलंत तसं मी बाबांना सरळ विचारते, जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हे तुमचं वाक्य मी आत्याला आणि काकांनाही ऐकवलंय. बाबा आधी चिडले. आता उत्तर देतात, आणि उत्तर वाईट असेल त्या दिवशी आम्ही लगेच त्यांच्या डॉक्टरांना फोन करतो.

आईने तुम्हाला नमस्कार सांगितलाय. तिला एकदा तुम्हाला भेटायचं आहे. तुम्ही म्हणाल तेव्हा घेऊन येते.

तुमची ऋणी,
दादाची बहीण