बाटलीवर नाव डिझायनरचे, सूत्र दुसऱ्याचे

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत परफ्यूमवर आलेल्या लेखात ‘शनेलने नंबर फाइव्ह बनवले’, ‘डिओरने सोव्हाज बनवले’ अशी वाक्ये आहेत. दुसऱ्या वाक्यात काळाचाच मेळ बसत नाही. ख्रिश्चन डिओर १९५७ साली वारले आणि सोव्हाज आले २०१५ साली. ते रचले फ्रान्स्वा दमाशी यांनी, त्या वेळी डिओर कंपनीत नोकरीला असलेल्या परफ्यूमरने, म्हणजे सुगंधाचे सूत्र रचणाऱ्या तज्ज्ञाने. नंबर फाइव्ह (१९२१) हे एर्नेस्ट बो यांचे काम. त्यांनी १ ते ५ आणि २० ते २४ असे क्रमांक घातलेले नमुने पुढे ठेवले आणि कोको शनेल यांनी पाचवा उचलला. क्रमांकालाच नाव करणे आणि नक्षीकाम टाळून साधी चौकोनी बाटली घेणे, हेही त्यांचेच निर्णय. हे श्रेय लहान नाही, पण ते निवडीचे आहे.

आज बहुतेक डिझायनरांचा परफ्यूमशी संबंध नाव वापरू देण्याच्या परवान्यापुरता असतो. अरमानी आणि इव्ह सँ लोराँ यांची परफ्यूम लॉरेयाल काढते, ह्यूगो बॉसची कोटी नावाची कंपनी. या कंपन्या एक ब्रीफ, म्हणजे मागणीपत्रक, तयार करतात. परफ्यूम कोणासाठी, कोणत्या देशांत विकायचे, बाटली कशी, आणि मुख्य म्हणजे सुगंधी अर्काला किलोमागे किती पैसे मोजायचे, हे त्यात असते. हे ब्रीफ जिव्होदाँ, डीएसएम-फिर्मेनिश, आयएफएफ, सिमराइज अशा सुगंध कंपन्यांकडे जाते आणि तिथले परफ्यूमर आपापसांत स्पर्धा करतात. शनेल, एर्मेस, डिओर, लुई व्हितों यांनी स्वतःचे परफ्यूमर ठेवले आहेत. तिथेही सूत्र लिहितो तो परफ्यूमरच.

सूत्र म्हणजे हजार भागांत कोणते द्रव्य किती, याची यादी. तीसपासून शंभरापर्यंत घटक सहज असतात. प्रयोगशाळेत ते मिलिग्रॅमपर्यंत तोलतात, कारण काही द्रव्यांचा एखादा थेंब जास्त पडला तरी बाकी सगळे झाकून जाते. मिश्रण मुरू देतात, मग अल्कोहोलमध्ये घालतात : ओ द तोआलेत या सौम्य प्रकारासाठी साधारण ५ ते १५ टक्के, ओ द पार्फँ या गडद प्रकारासाठी १५ ते २०. वास कागदी पट्टीवर लगेच, अर्ध्या तासाने आणि पुन्हा काही तासांनी घ्यायचा, मग त्वचेवर. विक्रीचा माल शेवटी थंड करून गाळतात. हे टाळले तर मेणासारखे घटक पुढे बाटलीत उतरतात आणि द्रव गढूळ होतो.

डिझायनरचा खरा हात दिसतो तो हट्टात. थिएरी म्युग्लर यांना जत्रेतल्या गोड खाऊचा वास हवा होता. परफ्यूमर ऑलिव्हिए क्रेस्प यांनी इथाइल माल्टॉल या द्रव्याचा साखरपाकासारखा गोडवा भरपूर घातला आणि तो मळमळू नये म्हणून पॅचोली या वनस्पतीच्या तेलाचा मातकट, कडवट भार दिला. तेच १९९२ चे एंजल. उलट प्रकारही होतो. डिझायनर पारदर्शक बाटली आणि फिकट गुलाबी द्रव ठरवून बसतो, आणि सूत्रातले व्हॅनिलिन किंवा इंडोल यांसारखे सुगंधी द्रव्य उजेडात, उष्णतेत तपकिरी पडते. मिथाइल अँथ्रानिलेट हे आणखी एक द्रव्य आल्डिहाइड गटातल्या द्रव्यांशी जुळून पिवळे-केशरी होते. मग घटक बदला, नाहीतर उजेड अडवणारे द्रव्य घाला. रंगासाठी वास बदलल्याचे जाहिरातीत अर्थातच कोणी सांगत नाही.

लेखाच्या शेवटी वेंगुर्ले-सावंतवाडीच्या तरुणांना सुरंगीच्या सुवासिक फुलांचे नमुने मोठ्या डिझायनरांना पाठवण्याचा सल्ला आहे. टपालखर्च वाया जाईल. डिझायनर सहसा कच्चा माल घेत नाही. तो घेतात सुगंध कंपन्या आणि त्यांना अर्क पुरवणारे, आणि त्यांना गजरा पाहायचा नसतो. त्यांना अर्काचा गॅस क्रोमॅटोग्राफी अहवाल, म्हणजे त्यात कोणते घटक किती आहेत याची तपासणी, लागतो, अर्क काढायला वापरलेल्या सॉल्व्हंटचे (द्रावकाचे) उरलेले प्रमाण लागते, आणि पुढच्या हंगामातही हाच दर्जा किती किलो मिळेल याचे उत्तर लागते. नाजूक फुलांचा वास वाफेच्या उष्णतेत बिघडतो, म्हणून त्यांचा अर्क हेक्झेन या सॉल्व्हंटने काढतात. त्यातून ‘काँक्रीट’ नावाचा मेणट पदार्थ मिळतो. तो अल्कोहोलमध्ये विरघळवून, थंड करून गाळला आणि अल्कोहोल काढून टाकले की मेण गेलेला अर्क उरतो, तोच ॲब्सोल्यूट. चमेलीच्या एक किलो ॲब्सोल्यूटला सहाशे-सातशे किलो फुले लागतात, यावरून मालाचा अंदाज करावा. हेक्झेन झटकन पेट घेते, तेव्हा हे परसात भट्टी लावून करायचे काम नव्हे.

सुरंगीची ताजी फुले आणि वाळवलेल्या कळ्या यांचा अर्क वेगळा येतो, म्हणून दोन्ही एका घाण्यात घालू नयेत. ढगाळ हवेत अर्धवट वाळलेल्या कळ्यांना बुरशी लागते आणि कुबट वास थेट अर्कात उतरतो. फुले कोणत्या गावची, कधी तोडली, किती तासांत प्लांटवर पोचली, याची नोंद प्रत्येक खेपेला ठेवावी. अर्काचा दर्जा दोन खेपांत वेगळा निघाला की खरेदीदार पहिला प्रश्न हाच विचारतो.

आपला,
एक सुगंधतंत्रज्ञ, वेंगुर्ले