चिखल काढला तर फ्लेमिंगो खातील काय?

संपादक महोदय,

नवी मुंबईतल्या पामबीच रस्त्यालगतचा 'दुर्गंधीयुक्त' चिखल काढून तिथे फ्लेमिंगोंसाठी स्वच्छ पाणी ठेवावे, असे सुचवणारे पत्र वाचले. लेखकाचे पक्षिप्रेम खरे आहे, म्हणूनच उत्तर द्यावेसे वाटले.

मी करावे गावची, निवृत्त विज्ञान शिक्षिका. आई मासळी विकायची, त्यामुळे खाडी मला पुस्तकाआधी तिच्या पाटीतून कळली. वर्गात मी फळ्यावर गवत, नाकतोडा, बेडूक, साप अशी अन्नसाखळी काढायचे. आमच्या खाडीत मात्र बरीचशी खाणावळ गळलेल्या पानावर चालते. तिवराचे, म्हणजे खारफुटीच्या झाडाचे, पान चिखलात पडले की खेकडे ते कुरतडतात, जिवाणू आणि बुरशी कुजवतात. त्या कणांवर कोळंबी वाढते, कोळंबीवर जिताडा मासा. बोय ही मासळी चिखलच तोंडात घेते आणि खाण्याजोगे तेवढे ठेवते. चिखलावर उड्या मारणाऱ्या निवटी माशावर बगळा टपलेला असतोच.

लहान फ्लेमिंगो (पिल्लू नव्हे, 'लेसर फ्लेमिंगो' ही जात) पाण्यातले आणि चिखलावरचे सूक्ष्म शेवाळ चोचीने गाळून खातो. त्याचा गुलाबी रंगही त्यातलाच. खाद्याच्या एका पायरीवरून पुढच्या पायरीवर साधारण दहावा हिस्साच ऊर्जा पोहोचते. फ्लेमिंगो शेवाळाच्या लगेच वर बसतो, म्हणून इथे हजारोंची पोटे भरतात. जिताडा कितीतरी पायऱ्या वर. आईच्या पाटीत तो क्वचितच यायचा, आणि आला की ती भाव कमी करत नसे!

राहिला वास. सांडपाण्याचा असेल तर जरूर ओरडावे, मीही ओरडते. पण ओहोटीला येणारा सडक्या अंड्यासारखा वास बहुतेक वेळा हवा न पोहोचणाऱ्या चिखलातल्या जिवाणूंचा असतो. ठाणे खाडीचा काही भाग 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, 2022 मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आला, तो या चिखलासकट.

तेव्हा खर्च करायचाच तर भरतीचे पाणी आत आणणाऱ्या मोऱ्या जिथे बुजल्या आहेत तिथे त्या मोकळ्या कराव्यात, नाल्यांच्या तोंडाशी जाळ्या लावाव्यात. आणि स्वच्छता मोहिमेतल्या मुलांना बाटल्या-पिशव्याच उचलायला सांगावे. मागच्या मोहिमेत पोती भरभरून तिवराची पाने उचलली गेली, वर त्या पोत्यांसोबत फोटोही निघाले.

— एक निवृत्त शिक्षिका, करावे, नवी मुंबई